बांधावर पिकणारा देश

श्रीमंत देशांची यादी दरवर्षी येते आणि तिच्या पहिल्या दोन-तीन ओळींत लक्झेंबर्ग असतंच. दरडोई सकल उत्पादन सव्वा लाख युरोच्या आसपास. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतं की एवढासा देश बघा, आणि आपण बघा. देश खरंच एवढासा आहे. क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. पूर्व-पश्चिम रुंदी ५७ किलोमीटर, जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाण्याइतकी. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या घरात. हिंगोलीची २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख होती.

पण आधी तो दरडोई आकडा उलगडून पाहायला हवा, कारण या देशाच्या बहुतेक अडचणी त्याच आकड्यात दडलेल्या आहेत. २०२४ चं सकल उत्पादन सुमारे ८,६०० कोटी युरो. त्याला पावणेसात लाखांनी भागलं की साधारण १ लाख २७ हजार युरो येतात. गोम छेदात आहे. देशातल्या नोकऱ्यांपैकी जवळपास निम्म्या नोकऱ्यांवर देशात न राहणारी माणसं आहेत. सुमारे २ लाख ३० हजार लोक रोज सकाळी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त फ्रान्सचे. त्यांनी दिवसभर केलेलं काम अंशात मोजलं जातं, पण ती माणसं छेदात नाहीत. त्यांना छेदात घेतलं, तेही बायकामुलं सोडून फक्त कामगारच, तरी आकडा ९५ हजारांवर येतो. शिवाय नफ्याचा मोठा भाग परदेशी मालकांकडे जातो. म्हणून सकल राष्ट्रीय उत्पन्न सकल उत्पादनाच्या साधारण दोन तृतीयांशच भरतं.

हे गणित बीड जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोडीचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दसऱ्यानंतर उचल घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे जातो. साखर तिकडच्या खात्यावर चढते आणि माणूस इकडच्या जनगणनेत मोजला जातो. एका जिल्ह्याचा आकडा फुगतो, दुसऱ्याचा वाळतो.

आता हा देश श्रीमंत झाला कसा ते पाहू. सुरुवात जालन्याच्या ओळखीच्या धंद्यातून, म्हणजे पोलादातून झाली. देशाच्या दक्षिणेला 'मिनेट' नावाचं लोहखनिज होतं. हलक्या प्रतीचं, लोहाचं प्रमाण साधारण २५ ते ३५ टक्के, आणि त्यात फॉस्फरस भरपूर. फॉस्फरस राहिला की पोलाद थंडीत ठिसूळ होऊन तडकतं, म्हणून हे खनिज बराच काळ कमी किमतीचं मानलं गेलं. १८७९ मध्ये थॉमस-गिलख्रिस्ट पद्धत आली. भट्टीला आतून डोलोमाइटचं अस्तर लावायचं, रसात चुना घालायचा, फॉस्फरस चुन्याला धरून मळीत निघून जातो. ती मळी दळली की शेताला फॉस्फेट खत म्हणून चालते. एका तंत्राने खाणही उघडली आणि खतही मिळालं. १९११ मध्ये आर्बेड ही कंपनी उभी राहिली. १९७४ मध्ये या टिकलीएवढ्या देशाने ६४ लाख टन पोलाद काढलं.

पुढच्याच वर्षी मागणी कोसळली. इथे त्यांनी केलेली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जास्तीच्या कामगारांना काढून टाकण्याऐवजी 'संकटविरोधी विभाग' नावाखाली त्यांना सार्वजनिक कामांवर लावलं आणि पगाराचा भार कंपनी व सरकार यांनी वाटून घेतला. याच दशकात आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी आली. एकीकडे पाझर तलाव, दुसरीकडे कारखान्यातला कामगार रस्त्याच्या कामावर. सरकार, मालक आणि कामगार संघटना एका टेबलावर बसून ठरवतात ती 'त्रिपक्षीय' बैठक तेव्हापासूनच रुळली. बेरोजगारांसाठी काढलेल्या निधीचा अधिभारही अजून चालू आहे. कंपन्यांच्या करावर आजही ७ टक्के लागतो. शेवटची झोतभट्टी १९९७ मध्ये बेल्व्हाल इथे थंडावली. आता तिथे भट्टीचा सांगाडा जपून शेजारी विद्यापीठ उभं केलंय. पोलाद संपलं असं मात्र नाही. जालन्यासारखंच भंगार वितळवून, पण इंडक्शनऐवजी विजेच्या आर्क भट्टीत, डिफरडांजला मोठाले बीम आजही निघतात. आर्बेड २००२ मध्ये आर्सेलॉर झाली, २००६ मध्ये लक्ष्मी मित्तलांच्या कंपनीत विलीन झाली आणि मुख्यालय लक्झेंबर्ग शहरातच राहिलं.

पोलाद ओसरत असताना देशाने दुसरं पीक घेतलं, आणि ते घेतलं बांधावर. बांधाच्या अलीकडे एक कायदा, पलीकडे दुसरा. या दोन कायद्यांतला फरक हाच माल. ब्रिटनमध्ये खासगी रेडिओला बंदी होती, तर १९३३ पासून लक्झेंबर्गच्या भूमीवरून इंग्रजीत जाहिरातींचा रेडिओ वाजू लागला. १९२९ मध्ये होल्डिंग कंपन्यांना, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगणाऱ्या कंपन्यांना, जवळजवळ करमुक्ती दिली. १९६३ मध्ये अमेरिकेने परकी रोख्यांवर कर बसवला, तर पहिला युरोबॉंड, म्हणजे परक्या चलनात देशाबाहेर विकलेला कर्जरोखा, लक्झेंबर्गच्या शेअर बाजारात नोंदला गेला. १९८५ मध्ये युरोपने म्युच्युअल फंडांसाठी सामाईक नियम काढले. ते देशाच्या कायद्यात सगळ्यांच्या आधी, मार्च १९८८ मध्ये, लक्झेंबर्गने आणले. त्याच १९८५ मध्ये उपग्रहांची कंपनी काढली. कल्पना दरवेळी तीच: शेजारी झोपेत असताना कायदा करायचा आणि तो जागा होईपर्यंत कमवून घ्यायचं. यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. अशा लहान देशाला समुद्र किंवा मोठी बाजारपेठ नसते. त्याच्याकडे एकच गोष्ट स्वतःची असते, ती म्हणजे कायदा करण्याचा अधिकार.

पण बांधावरच्या पिकाला एक दुखणं असतंच. शेजारी बांध कोरतो.

पेट्रोलचं घ्या. उमरगा, उदगीर, देगलूरच्या माणसाला सीमेपलीकडच्या पंपाचा हिशेब तोंडपाठ असतो. लक्झेंबर्गमध्ये हाच हिशेब देशाच्या अंदाजपत्रकापर्यंत पोचला. मार्टेलांज नावाच्या गावात रस्त्याच्या एका बाजूला बेल्जियमची घरं आहेत आणि दुसऱ्या बाजूला लक्झेंबर्गचे पेट्रोल पंप, एकाला लागून एक. महामार्गावरचा बेर्शेमचा पंप तर युरोपातल्या सगळ्यात वर्दळीच्या पंपांत गणला जातो. मालट्रकवाले टाकी भरायला इथेच थांबतात. इंधन स्वस्त ठेवून तिजोरी भरत होती, पण हवामान करारांच्या हिशेबात प्रदूषण इंधन विकणाऱ्या देशाच्या नावे चढतं, जाळणाऱ्याच्या नाही. ट्रक पोलंडचा, डिझेल जळलं स्पेनमध्ये, कार्बन चढला लक्झेंबर्गच्या खात्यावर. म्हणून २०२१ पासून कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २० युरो कार्बन कर लावला आणि दरवर्षी ५ युरोंनी वाढवत २०२५ मध्ये ४० वर नेला. लिटरभर डिझेल जळलं की साधारण २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे २० युरोच्या दराने लिटरमागे ५ सेंटपेक्षा थोडं जास्त आणि ४० च्या दराने साडेदहा सेंट. मुद्दाम असा टप्प्याटप्प्याने, कारण एकदम वाढवला तर ट्रक पुढच्या पंपावर थांबणार. तेव्हा कार्बन कमी होईल, पण महसूलही त्याच दिवशी जाईल.

ऑनलाइन विक्रीच्या व्हॅटमध्ये तर बांध एका तारखेला कापला गेला. डिजिटल मालावरचा व्हॅट विक्रेत्याच्या देशात भरायचा, असा नियम होता. लक्झेंबर्गचा दर १५ टक्के, युरोपात सगळ्यात कमी, म्हणून ऑनलाइन विकणाऱ्या बड्या अमेरिकी कंपन्यांनी युरोपचा कारभार इथे आणला. १ जानेवारी २०१५ पासून नियम फिरला आणि व्हॅट ग्राहकाच्या देशाला जाऊ लागला. सवय मोडायला मुदत होती: पहिली दोन वर्षं ३० टक्के वाटा ठेवा, पुढची दोन वर्षं १५ टक्के, २०१९ पासून शून्य. खड्डा बुजवायला सरकारने त्याच दिवशी स्वतःचा व्हॅट १५ वरून १७ टक्के केला. कंपन्यांना दिलेली सवलत संपली आणि बिल पावाच्या दुकानातून नसलं तरी कपड्यांच्या आणि फ्रिजच्या दुकानातून वसूल झालं.

बँकेतली गुप्तता त्याच तारखेला गेली. परदेशी खातेदारांच्या व्याजाची माहिती त्यांच्या देशाला आपोआप जाऊ लागली. दोन महिने आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, कंपन्यांना दिलेले शेकडो कर-निवाडे, म्हणजे कर कसा लागेल याची आधीच दिलेली लेखी हमी, फुटून जगापुढे आले होते. जवळपास एकोणीस वर्षं लक्झेंबर्गचे पंतप्रधान राहिलेले जाँ-क्लोद युंकर तेव्हा नुकतेच युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाले होते. पुढे मोठ्या कंपन्यांसाठी जगभर किमान १५ टक्के कराचा नियम आला. ७५ कोटी युरोंच्या वर उलाढाल असलेल्या समूहांना तो लक्झेंबर्गमध्ये २०२४ पासून लागू आहे.

कागदावरचा दर तसा कधीच फार स्वस्त नव्हता. २०२५ पासूनचा हिशेब असा: कंपनी कर १६ टक्के, त्यावर तो पोलाद संकटातला ७ टक्के अधिभार, झाले १७.१२. राजधानीच्या नगरपालिकेचा व्यवसाय कर ६.७५. एकूण २३.८७ टक्के. आदल्या वर्षापर्यंत २४.९४ होता. फ्रान्समध्ये २५ टक्के आहे. म्हणजे दरात फारसा फरक नव्हता. खरी सवलत होती ती कर कशावर लावायचा यात, आणि नेमकी तीच बाजू आता तपासली जाते. दर एक टक्क्याने खाली आणून स्पर्धा जिंकता येईल असं मला वाटत नाही. आयर्लंड लहान कंपन्यांना १२.५ टक्क्यांवर बसला आहे.

आजचं मुख्य पीक फंडांचं. लक्झेंबर्गमध्ये नोंदलेल्या फंडांची मालमत्ता ५ लाख कोटी युरोंच्या वर आहे. आपल्या शेअर बाजारात 'परकी गुंतवणूकदारांनी माल विकला' अशी बातमी येते, तेव्हा त्यात लक्झेंबर्गमध्ये नोंदलेला पैसा बराच असतो. देशवार यादीत ते वरच्या काहींत आहे. सरकारला यातून नोकऱ्या मिळतात, पगारावरचा कर मिळतो आणि 'वर्गणी कर' मिळतो: फंडाच्या निव्वळ मालमत्तेवर वर्षाला ०.०५ टक्के, आणि संस्थात्मक व नाणेबाजार फंडांना ०.०१. दर तिमाहीच्या शेवटच्या दिवशी मालमत्ता जेवढी असेल तिच्यावर चौथा हिस्सा भरायचा. १०० कोटींचा फंड असेल तर वर्षाचे ५ लाख युरो, तिमाहीला सव्वा लाख. ऐकायला किरकोळ, पण आकार प्रचंड असल्याने वर्षाला शंभर कोटींच्या वर जमतात. धोकाही तिथेच आहे: ३० जूनला बाजार पडलेला असेल तर त्या तिमाहीचा महसूलही पडला, मग १० जुलैला बाजार वर आला तरी उपयोग नाही. आणि गुंतवणूकदार आता स्वस्त ईटीएफकडे, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांकडे, वळले आहेत. त्यात अमेरिकी शेअर असले की आयर्लंडमधल्या फंडाला लाभांशावर १५ टक्के कर कापला जातो, लक्झेंबर्गमधल्याला ३० टक्के, कारण अमेरिकेशी आयर्लंडचा करार वेगळा आहे. लक्झेंबर्गने मग सक्रिय ईटीएफनाही, म्हणजे ज्यांत व्यवस्थापक शेअर निवडतो त्यांनाही, वर्गणी कर माफ केला. पण दुसऱ्या देशाचा करार बदलता येत नाही.

नवं पीक शोधण्याची धडपडही चालू असते. २०१७ मध्ये अंतराळातल्या खनिजांची मालकी मान्य करणारा कायदा केला आणि लघुग्रहांवर खाणकाम करू पाहणाऱ्या एका अमेरिकी कंपनीत सरकारने १ कोटी २० लाख युरो घातले. २०१८ मध्ये कंपनीकडचा पैसा संपला, ती विकली गेली आणि सरकारचे पैसे गेले. उपग्रहांचा डाव १९८५ मध्ये साधला होता. प्रत्येक पेरणी उगवत नाही.

हे झालं बाहेरचं. आतलं दुखणं जास्त किचकट आहे, आणि त्यात मला सगळ्यात रस आहे तो पगाराच्या निर्देशांकात.

आपल्याकडे महागाई भत्ता सरकारी नोकराला असतो. जानेवारी-जुलैला केंद्र ठरवतं, राज्य मागून देतं, एसटी कर्मचारी त्यासाठी आंदोलन करतो, आणि खासगी दुकानातल्या माणसाला तो शब्दच लागू नसतो. लक्झेंबर्गमध्ये १९७५ च्या कायद्याने तो प्रत्येकाला लागू आहे. बँकेतला अधिकारी, बांधकामावरचा मजूर, घरकाम करणारी बाई, पेन्शनर, सगळ्यांना. पद्धत अशी: १ जानेवारी १९४८ ला १०० धरून (ज्या वर्षी मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला ते वर्ष) महागाईचा निर्देशांक चालत आलेला आहे. त्याची सहा महिन्यांची सरासरी मागच्या टप्प्यापेक्षा २.५ टक्क्यांनी वर गेली की पुढच्या महिन्यापासून सगळे पगार २.५ टक्क्यांनी वाढतात. मालकाला विचारत नाहीत, वाटाघाटी नाहीत. पगाराचा आकडा सप्टेंबर २०२३ मध्ये ९४४.४३ वर होता; मे २०२५ मध्ये पुढचा टप्पा लागला, १.०२५ ने गुणलं, ९६८.०४ झाला. अकुशल कामगाराचं किमान वेतन त्या दिवशी २,६३७.७९ युरोंवरून २,७०३.७४ झालं.

यात पहिली अडचण टक्केवारीची. किमान वेतनवाल्याला ६६ युरो वाढले, १० हजार युरो घेणाऱ्याला २५०. दूध, पाव आणि गॅस दोघांनाही तेवढ्याच भावाने मिळतात. वरच्या पगारांना मर्यादा घाला ही सूचना वर्षानुवर्षं येते आणि वर्षानुवर्षं पडून राहते, कारण कामगार संघटनांना भीती वाटते की एकदा धागा ओढला की अख्खं कापड उसवेल.

दुसरी अडचण टप्पे अंगावर येण्याची. २०२२ मध्ये ऊर्जा भडकली. एप्रिलमध्ये एक टप्पा दिला, त्यानंतरचा उन्हाळ्यात येणारा टप्पा त्रिपक्षीय बैठकीत एप्रिल २०२३ वर ढकलला. मग २०२३ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल आणि सप्टेंबर असे तीन टप्पे आले. १.०२५ तीनदा गुणा: आठ महिन्यांत ७.६९ टक्के. मोठ्या बँकेला ते पचतं. बेकरीवाल्याला किंवा विजेच्या आर्क भट्टीवाल्याला नाही. फ्रान्समधल्या त्याच्या स्पर्धकाला असा सार्वत्रिक नियम नाही. तिसऱ्या टप्प्याचा भार काही महिने सरकारने मालकांना भरून दिला.

आणि इथे एक गंमत दिसते, जी बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याच काळात सरकारने गॅसची दरवाढ १५ टक्क्यांवर रोखली, विजेचा दर धरून ठेवला आणि २०२३ पुरता व्हॅट १७ वरून १६ केला. वरवर ही जनतेला सवलत. पण गॅस स्वस्त ठेवला की निर्देशांक हळू चढतो, निर्देशांक हळू चढला की पुढचा टप्पा लांबतो आणि देशातला प्रत्येक पगार तेवढे महिने थांबतो. सरकारी पगार आणि पेन्शनही त्यातच. म्हणून अनुदानाचा खर्च काही अंशी परत मिळतो. उलटही खरं: १ जानेवारी २०२४ ला व्हॅट परत १७ झाला, त्या एका टक्क्यानेच निर्देशांकाला धक्का दिला. या देशात कुठलाही अप्रत्यक्ष कर वाढवणं म्हणजे पगारवाढीची तारीख जवळ आणणं. कार्बन कराचाही हाच पेच आहे.

आता ते सीमेपलीकडून येणारे. त्यांना तिकडे 'फ्रोंतालिये' म्हणतात. त्यांच्या घरून काम करण्यावर दिवस मोजून मर्यादा आहे. तिन्ही शेजाऱ्यांशी करार आहे की वर्षाला ३४ दिवसांपर्यंत लक्झेंबर्गबाहेर काम केलं तरी कर लक्झेंबर्गलाच. पस्तिसावा दिवस लागला की फक्त तो एक नाही, पहिल्यापासूनचे सगळे पस्तीस दिवस राहत्या देशाच्या करात जातात. यात घरून केलेलं कामच नाही, तिसऱ्या देशातली मीटिंग आणि प्रशिक्षणही मोजतात. इथेच लोक फसतात: घरचे ३० दिवस मोजून ठेवतात आणि पॅरिसच्या पाच दिवसांच्या कोर्सने गणित बिघडतं. सामाजिक विम्याची मर्यादा वेगळीच आहे. आधी कामाचा चौथा हिस्सा घरून झाला की विमा राहत्या देशाकडे जायचा. जुलै २०२३ पासूनच्या करारात अर्ज करून ४९.९९ टक्क्यांपर्यंत सूट घेता येते. अर्ज राहून गेला तर मालकाला फ्रान्सच्या दराने वर्गणी भरावी लागते, आणि तो दर कितीतरी जास्त आहे.

शेजारच्या गावांची तक्रार वेगळी. शाळा, रस्ते, दवाखाने त्यांनी सांभाळायचे. माणूस कर भरतो लक्झेंबर्गला. नोकरी गेली तर युरोपच्या नियमाप्रमाणे बेकारभत्ता राहता देश देतो, लक्झेंबर्ग फक्त पहिले तीन महिने, काही बाबतींत पाच महिने, भरून देतं. बेल्जियमच्या गावांना भरपाई मिळते. फ्रान्सला रोख परतावा नाही, रेल्वे आणि वाहनतळांच्या कामात भागीदारी मिळते. जिनिव्हाने १९७३ मध्येच फ्रान्सशी ठरवलं की सीमापार कामगारांच्या एकूण पगाराचे ३.५ टक्के फ्रेंच गावांना द्यायचे. लक्झेंबर्गच्या सीमेजवळच्या मेट्झ आणि तिओनव्हिल या फ्रेंच शहरांतले लोक तेच मागतात. आपल्याकडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि सरकारने तेवढेच द्यायचे असं ठरलं, त्यामागचा विचार हाच आहे: जिथे श्रम वापरले तिथून, जिथे माणूस वाढला तिथे काही परत यावं. मार्च २०२० मध्ये जर्मनीने सीमेवर तपासणी सुरू केली तेव्हा लक्झेंबर्गच्या दवाखान्यांना घाम फुटला होता, कारण परिचारिकांचा मोठा भाग रोज सीमा ओलांडून येतो.

मग ही माणसं लक्झेंबर्गमध्येच का राहत नाहीत? घर परवडत नाही म्हणून. १ मार्च २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग मोफत आहे, पण मोफत प्रवास सीमेवर संपतो. ज्याला घर परवडत नाही तोच सीमेपलीकडे राहतो आणि तिकडचं तिकीट काढतो.

घरं महाग असण्याचं एक कारण कागदात आहे. मालमत्ता कर ज्या किमतींवर बसतो त्या १९४१ च्या आहेत. १९४१ मध्ये देशावर नाझी जर्मनीचा ताबा होता. करपद्धत त्यांनी लादली आणि ती तशीच राहिली. आपण १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकाची नक्कल काढायला तहसीलला जातो ते पुरावा म्हणून. तिथे ऐंशी वर्षांपूर्वीच्या किमतीवर आजचं बिल निघतं, अर्थात मामुली. गावाशेजारची बिगरशेती जमीन मोकळी ठेवून बसायला जवळपास काहीच खर्च येत नाही, किंमत मात्र चढत राहते. ज्यांच्याकडे जमीन आहे ते मतदार आहेत. ज्यांना घर हवंय त्यातल्या अनेकांना संसदेच्या निवडणुकीत मत नाही, कारण ते परदेशी नागरिक आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्या मूल्यांकनाचं, मोकळ्या घरांवर आणि अडवून ठेवलेल्या भूखंडांवर कराचं विधेयक मांडलं गेलं. मग व्याजदर चढले, बांधकाम ठप्प झालं, आणि सरकारचं लक्ष सवलतींकडे गेलं. खरेदीवरच्या ७ टक्के नोंदणी शुल्कात पहिलं घर घेणाऱ्याला मिळणारी सूट माणशी ३० हजारांवरून ४० हजार युरो केली. ऑक्टोबर २०२४ ते जून २०२५ शुल्काचा आधारच निम्मा धरला. माझ्या मते याने सौदे पुढे-मागे सरकतात, भूखंड सुटत नाहीत. नोंदणी शुल्क विकत घेणाऱ्याला लागतं. अडवून बसणाऱ्याला लागतो तो मालमत्ता कर, आणि तो १९४१ मध्येच आहे.

हे सगळे धागे पेन्शनमध्ये येऊन मिळतात. पेन्शनची वर्गणी पगाराच्या २४ टक्के होती: ८ कामगार, ८ मालक, ८ सरकार. कायद्याने वर्षभराच्या खर्चाच्या दीडपट राखीव ठेवायची असते. प्रत्यक्षात ती त्याहून खूप जास्त आहे. ४० वर्षं वर्गणी भरलेल्याला ५७ व्या वर्षीही निवृत्त होता येतं. राखीव एवढी मोठी का? कारण गेली तीस-चाळीस वर्षं भरणारे वाढत गेले आणि घेणारे कमी होते. भरणाऱ्यांत दरवर्षी नवे फ्रोंतालिये मिळत गेले. आता २०२५ मध्ये सरकारने वर्गणी २५.५ टक्के करायचं ठरवलं, तिघांना ८.५ टक्के, २०२६ पासून. चार हजार युरो पगारावर महिन्याला ३४० कामगाराचे, ३४० मालकाचे, ३४० तिजोरीतून. लवकर निवृत्तीसाठी लागणारी सेवाही २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने आठ महिन्यांनी वाढेल.

तो तिसरा हिस्सा, तिजोरीतला, येतो वर्गणी करातून, कंपनी करातून आणि मार्टेलांजच्या पंपावरून. बांध कोरला गेला की तो आटतो. पहिले दोन हिस्से टिकवायचे तर नोकऱ्या वाढत राहिल्या पाहिजेत. वाढीव माणसांना घर नाही, म्हणून ती सीमेपलीकडूनच येणार. आणि आली की चाळीस वर्षांनी तीही पेन्शन मागणार. १९९० च्या सुमारास तिओनव्हिलहून रोज सकाळची गाडी पकडणारा पंचविशीतला हिशेबनीस आता साठीत आहे. त्याची पेन्शन दरमहा फ्रान्समधल्या खात्यावर जमा होते, तिथल्याच बाजारात खर्च होते, आणि लक्झेंबर्गचा निर्देशांक टप्पा ओलांडून गेला की पुढच्या महिन्यात त्यातही २.५ टक्के वाढतात.